घरातल्या सबस्क्रिप्शनची खतावणी

आमचे कुटुंब सहा जणांचे आहे, परंतु ते एका छपराखाली राहत नाही. मी आणि माझे पती परभणीत असतो. सासूबाई आणि सासरे, ज्यांना घरात सगळे आबा म्हणतात, सेलू तालुक्यातील गावी शेतीवर लक्ष ठेवून असतात. मुलगा पुण्यात अभियांत्रिकी शिकतो आणि मुलगी नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी लातूरला राहते. प्रत्येकाचा फोन वेगळा, जीमेलची खाती माणसांपेक्षा अधिक, आणि पैसे मात्र शेवटी माझ्या पगारातून, पतींच्या मोंढ्यातील खत-बियाण्यांच्या दुकानातून किंवा आबांच्या शेतीतून जाणारे. अशा घरात एखादे सबस्क्रिप्शन कोणी घेतले, ते कोण वापरते आणि त्याचे पैसे कोण भरते, या तीन प्रश्नांची उत्तरे एकाच माणसाकडे क्वचितच सापडतात. गेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीस मी हा हिशेब मांडायला घेतला. पतसंस्थेत हिशेबनीस असल्यामुळे किर्द-खतावणीची सवय होतीच. ती घरच्या खर्चाला लावली, एवढेच.

घरातल्यांना विचारत बसायचे नाही, हे मी सुरुवातीलाच ठरवले होते. ‘तुझ्याकडे काय काय चालू आहे?’ असे विचारले की प्रत्येक जण आपल्या फोनवर दिसणारी अ‍ॅप आठवतो, आणि जे अ‍ॅप फोनवर दिसत नाही ते बंद झाले असे गृहीत धरतो. पैसे कापण्याची परवानगी मात्र अ‍ॅपमध्ये नसते, ती बँकेच्या खात्यावर, कार्डावर किंवा यूपीआयवर बसलेली असते. अ‍ॅप काढून टाकले तरी ती परवानगी जिवंत राहते. म्हणून शोध पैसे जिथून जातात तिथून घ्यायचा, हे सूत्र धरून मी सगळ्या खात्यांची स्टेटमेंट मागवली, आणि तीही पूर्ण बारा महिन्यांची. तीन महिन्यांचे स्टेटमेंट पुरेल असे अनेकांना वाटते, पण वार्षिक सदस्यत्वाची रक्कम वर्षातून एकदाच कापली जाते आणि नेमकी तीच मोठी असते.

स्टेटमेंट वाचतानाही एक अडचण येते. नोंदीत दिसणारे नाव आणि आपल्याला माहीत असलेले अ‍ॅपचे नाव जुळेलच असे नाही. कधी ते मूळ कंपनीचे असते, कधी मधल्या पेमेंट गेटवेचे. गूगल प्लेवरून घेतलेले सबस्क्रिप्शन कोणत्याही अ‍ॅपचे असो, नोंदीत नाव गूगलचेच येते. त्यामुळे मी नावांपेक्षा रकमांकडे पाहिले. ठरावीक अंतराने तीच रक्कम पुन्हा आली की ती नोंद रंगीत पेन्सिलीने खूण करून वेगळ्या पानावर उतरवायची, आणि त्या पानावर चार रकाने आखायचे: रक्कम, किती काळाने, कोणत्या खात्यातून, आणि परवानगी कोणत्या मार्गाने दिलेली आहे. वापरणाऱ्याचे नाव शेवटी लिहायचे. हा शेवटचा रकाना बराच काळ कोराच राहिला, हे सांगायला हवे.

परवानगीच्या मार्गाचा रकाना मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण रद्द कुठे जाऊन करायचे ते त्यावरून ठरते. कार्डावरून वारंवार कापल्या जाणाऱ्या रकमांसाठी रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाले आणि यूपीआयच्या ऑटोपेला, म्हणजे ठरलेली रक्कम आपोआप कापू देण्याच्या सोयीलाही, तीच चौकट लागू आहे. पहिली परवानगी देताना ओटीपी किंवा पिन लागतो, पुढील प्रत्येक कपातीच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना द्यावी लागते, आणि ग्राहकाला ती परवानगी केव्हाही मागे घेता येते. या सोयीसाठी ग्राहकाकडून वेगळे शुल्क घेता येत नाही. मात्र पुन्हा ओटीपी न विचारता कापता येणाऱ्या रकमेची मर्यादा आधी ५,००० रुपये होती, ती जून २०२२ मध्ये १५,००० रुपये झाली. घरगुती सबस्क्रिप्शन या मर्यादेच्या कितीतरी खाली असतात, म्हणजे १४९ किंवा ४९९ रुपयांच्या कपातीला एकदा होकार दिला की पुढे कोणी काही विचारत नाही. येतो तो फक्त २४ तास आधीचा मेसेज.

हा मेसेज वाचला जातो असे नियम करणाऱ्यांनी गृहीत धरले असावे. आमच्या आबांच्या फोनवर तो इंग्रजीत येत होता, तोही कर्जाच्या जाहिराती, रिचार्जच्या आठवणी आणि बियाणे कंपन्यांच्या शुभेच्छा यांच्या मधोमध. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, “माय, दिवसभर मेसेज येऊ लालेत, कोणकोणता वाचावं?” त्यांचे म्हणणे बरोबर होते.

आबांच्या खात्यातून दर महिन्याला १९९ रुपये जात होते. हे तेच खाते आहे ज्यात पीएम-किसानचे दर चार महिन्यांनी २,००० रुपये येतात. म्हणजे प्रत्येक हप्त्यातील जवळजवळ ८०० रुपये एका अ‍ॅपकडे वळत होते. चौकशी केल्यावर उलगडा झाला. छोट्या-छोट्या भागांची नाट्यमालिका दाखवणारे ते अ‍ॅप होते. सासूबाई संध्याकाळी स्वयंपाक उरकल्यावर आबांच्या फोनवर त्यातले भाग पाहत असत, आणि पुढचा भाग उघडण्यासाठी ‘फक्त १ रुपया’ असे आल्यावर आबांनी पिन टाकला होता. एका रुपयासोबत दरमहा १९९ रुपयांच्या ऑटोपेलाही मंजुरी जात आहे, हे त्या पडद्यावर बारीक अक्षरांत लिहिलेले होते. मालिका संपल्यावर सासूबाईंनी अ‍ॅप काढून टाकायला लावले होते. दोघांच्याही दृष्टीने विषय तिथेच संपला होता.

हे बंद करताना दुसरी गाठ समोर आली. गूगल प्लेवरील सबस्क्रिप्शन बंद करायचे तर ते ज्या जीमेलवरून घेतले त्याच खात्यात शिरावे लागते, आणि आबांच्या फोनमधील जीमेल सेलूच्या मोबाइल दुकानदाराने फोन विकताना काढून दिलेले होते, ज्याचा पासवर्ड कोणाजवळच नव्हता. गावोगावी अशीच स्थिती असणार, म्हणून हे थोडे विस्ताराने लिहिते. अशा वेळी सेवेच्या दाराशी झगडत बसण्याची गरज नसते. यूपीआय अ‍ॅपमध्ये आपल्या प्रोफाइलखाली ऑटोपेचा विभाग असतो, त्यात चालू असलेल्या सगळ्या परवानग्यांची यादी रकमेसह आणि पुढच्या तारखेसह दिसते, आणि तिथेच ती थांबवण्याचा किंवा रद्द करण्याचा पर्याय असतो. यूपीआयचा पिन टाकला की परवानगी रद्द होते. पैसे मिळेनासे झाले की सबस्क्रिप्शन मागे आपोआप बंद पडते. मात्र कोणत्या यूपीआय अ‍ॅपवरून ऑटोपे दिले होते ते आधी पाहावे, कारण फोनवर अशी दोन-तीन अ‍ॅप असली तर परवानगी ज्यावरून दिली तिथे ती शोधणे सोपे जाते. कार्डावरून दिलेल्या परवानग्यांसाठी बँकेच्या नेटबँकिंगमध्ये किंवा बँकेने दिलेल्या स्वतंत्र पानावर अशीच यादी असते.

एवढ्यावर थांबता आले असते, पण एक रुपयाचा तो सापळा मला खटकत राहिला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विषयीची मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली आणि त्यात १३ प्रकारच्या फसव्या रचना नमूद केल्या, त्यांपैकी एक प्रकार सबस्क्रिप्शनच्या सापळ्याचाच आहे. सदस्यत्व रद्द करण्याचा मार्ग लपवणे किंवा किचकट करणे, तसेच मोफत सदस्यत्वासाठी ऑटोपेची परवानगी देण्यास भाग पाडणे, हे त्यात मोडते. हा आधार घेऊन मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर आबांच्या वतीने तक्रार नोंदवली. तिथे मराठीत बोलता येते, आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, तारीख आणि रक्कम हाताशी असली की काम लवकर होते. कंपनीने शेवटचा एक हप्ता परत केला. आधीच्या हप्त्यांबद्दल ‘सेवा उपलब्ध होती’ असे उत्तर दिले. १९९ रुपयांसाठी एवढी उठाठेव कशाला, असे पती म्हणाले. त्यांच्या दुकानात एका पोत्यामागे २० रुपयांचा फरक आला तर ते घाऊक व्यापाऱ्याला दोनदा फोन करतात, याची मी त्यांना आठवण करून दिली.

मनोरंजनाच्या मोठ्या सेवांमध्ये फसवणुकीचा प्रश्न नव्हता, तिथे प्रश्न गरजेपेक्षा मोठी योजना घेतल्याचा होता. नेटफ्लिक्सची ६४९ रुपयांची योजना आमच्याकडे कित्येक वर्षे चालू होती. मुलगा, मुलगी आणि आम्ही, सगळे एकाच खात्यावर पाहू, असा त्यामागे विचार होता. परंतु जुलै २०२३ पासून नेटफ्लिक्सने भारतातही एका घराबाहेर खाते वाटण्यावर बंधन आणले, त्यामुळे पुण्यातील आणि लातूरमधील वापर अडखळू लागला. आणि उरला आमचा दिवाणखान्यातील ३२ इंची टीव्ही, जो एचडी रेडी आहे. ६४९ रुपयांच्या योजनेत मिळणारे फोरके चित्र दाखवण्याची क्षमताच त्या टीव्हीत नाही. एका वेळी एकच पडदा चालवणारी आणि ७२०पी दर्जाची १९९ रुपयांची योजना त्याला पुरते. योजना उतरवली की नवा दर पुढच्या बिलाच्या तारखेपासून लागू होतो, त्यामुळे तारीख पाहून घाई करण्याचेही कारण नव्हते. मुलाने स्वतःसाठी फोनपुरती १४९ रुपयांची योजना घेतली. दोन्ही मिळून ३४८ रुपये झाले आणि पाहण्यात कोणाचेही काही उणे झाले नाही.

मासिक की वार्षिक, या प्रश्नाला मी एकच उत्तर देऊ शकत नाही. अ‍ॅमेझॉन प्राइमचे मासिक सदस्यत्व २९९ रुपयांना आणि वार्षिक १,४९९ रुपयांना होते. मुलगा एकदम मोठी रक्कम नको म्हणून महिन्याला भरत होता आणि पाचव्या महिन्यातच जवळजवळ वर्षाच्या किमतीला पोहोचत होता. बारा महिन्यांचे ३,५८८ रुपये होतात. तिथे वार्षिक घेणे शहाणपणाचे. उलट क्रिकेटसाठी घेतलेली सेवा आमच्याकडे आयपीएलचे दोन-सव्वादोन महिने सोडले तर कोणी उघडतही नाही. तिचे वर्षाचे पैसे भरण्यात अर्थ नव्हता, भले महिन्याचा सरासरी दर त्यात स्वस्त दिसत असला तरी. पतींच्या रिचार्जमध्ये तीच सेवा आधीच समाविष्ट होती हे तर नंतर लक्षात आले. रिचार्जच्या योजनेसोबत काय काय येते, ते कंपनीच्या अ‍ॅपमध्ये ‘माझी योजना’ या ठिकाणी लिहिलेले असते, आणि सबस्क्रिप्शन विकत घेण्याआधी ते एकदा पाहण्यासारखे आहे.

सगळ्यांत अधिक वेळ मात्र गूगलच्या साठवणीने घेतला. गूगल खात्यासोबत १५ जीबी जागा मोफत मिळते आणि ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. १ जून २०२१ पासून नवे फोटोही त्यात मोजले जातात, आणि २०२४ मध्ये अँड्रॉइडवरील व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही त्यात धरला जाऊ लागला. आमच्या नातेवाइकांच्या गटांत सकाळी सुविचार, दुपारी लग्नाचे व्हिडिओ आणि रात्री कीर्तनाच्या चित्रफिती येत असतात. हे सारे जसेच्या तसे बॅकअपमध्ये जाऊन जागा संपवत होते, ‘जागा भरली’ अशी सूचना येत होती, आणि मी, पती आणि मुलगी असे तिघे स्वतंत्रपणे १०० जीबीसाठी महिन्याला १३० रुपये भरत होतो. वर्षाला ४,६८० रुपये, तेही बहुतांशी इतरांनी पाठवलेल्या शुभेच्छा जपण्यासाठी. व्हॉट्सअ‍ॅपच्या बॅकअपमधून व्हिडिओ वगळण्याचा पर्याय आहे. तो निवडल्यावर आणि ड्राइव्हमधील जुन्या मोठ्या फाइली काढल्यावर पतींचे खाते पुन्हा १५ जीबीच्या आत आले. ज्यांना खरोखर जागा हवी, म्हणजे मुलीच्या नोट्स आणि माझे कुटुंबाचे फोटो, त्यांच्यासाठी एकच वार्षिक योजना १,३०० रुपयांना ठेवली आणि ती कुटुंब गटात वाटून घेतली. एका योजनेत आणखी पाच जणांना घेता येते, शिवाय प्रत्येकाची मोफत १५ जीबी त्याची त्याची राहते आणि एकाचे फोटो दुसऱ्याला दिसत नाहीत. मुलीला ही शेवटची गोष्ट दोनदा सांगावी लागली. गूगलवर एका वेळी एकाच कुटुंब गटात राहता येते आणि गट बदलण्याची मुभा बारा महिन्यांत एकदाच असते, म्हणून मित्रांच्या गटात जाण्याआधी विचार करावा, असे मुलालाही सांगून ठेवले.

रिचार्ज हे सबस्क्रिप्शन मानायचे की नाही, यावर घरात मतभेद झाले, पण माझ्या पानावर ते होते. २८ दिवसांच्या मुदतीमुळे वर्षाला बारा नव्हे तर तेरा रिचार्ज होतात. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने जानेवारी २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला ३० दिवसांची आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारी किमान एकेक योजना ठेवायला लावली, परंतु दुकानात मागितल्याशिवाय ती कोणी सुचवत नाही. सासूबाईंकडे साधा बटणांचा फोन आहे, आणि तरीही त्यात रोजच्या इंटरनेटसह महागडी योजना भरली जात होती. २३ डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीनंतर कंपन्यांना केवळ कॉल आणि मेसेजसाठीची स्वतंत्र योजना देणे बंधनकारक झाले, आणि अशा योजनांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढवण्याची मुभाही मिळाली. आता त्यांच्या फोनमध्ये तशी दीर्घ मुदतीची योजना आहे. इंटरनेट गेल्याचे त्यांच्या लक्षातही आले नाही.

दुकानाच्या खात्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहिले. बिलिंगच्या सॉफ्टवेअरचे वार्षिक शुल्क तसेच ठेवले, कारण त्यावरील १८ टक्के जीएसटी दुकानाला परत जमा मिळू शकतो. त्यासाठी बिलावर दुकानाचा जीएसटी क्रमांक असला पाहिजे, आणि तो आतापर्यंत नोंदवलेलाच नव्हता. घरी पाहायच्या सेवांवरही १८ टक्केच कर असतो, पण तो दुकानाच्या खात्यातून भरला म्हणून दुकानाचा खर्च होत नाही, याबद्दल पतींशी थोडी चर्चा झाली. त्यांनी घेतलेले पीक आणि हवामान सल्ल्याचे पैसे देऊन चालणारे अ‍ॅप मात्र बंद केले. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आमच्याच शहरात आहे, तिथून आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, कृषी हवामान सल्ला निघतो, आणि हवामान खात्याचे मेघदूत अ‍ॅपही विनामूल्य आहे. सोयाबीनची पेरणी कधी करावी हे सांगायला दुसऱ्या राज्यातील कंपनीला पैसे देण्याचे कारण मला समजत नव्हते.

आबांच्या डिशला मी हात लावला नाही. तेच कार्यक्रम फोनवर मिळतात आणि बिलही वाचले असते, हे खरे आहे. पण गावात पावसाळ्यात नेट दोन-दोन दिवस जाते, आणि संध्याकाळच्या बातम्या खाटेवर बसून मोठ्या पडद्यावर पाहणे ही त्यांची सवय पैशांत मोजण्यासारखी नाही. फक्त त्यांच्या पॅकमधील त्यांना न समजणाऱ्या भाषांतल्या वाहिन्या काढल्या, आणि वाहिन्यांचे क्रमांक बदलणार नाहीत एवढी काळजी घेतली.

सर्वांत नाजूक भाग मुलीच्या अभ्यासाचा होता. तिच्याकडे तीन वेगवेगळ्या चाचणीमालिका चालू होत्या, एक शिकवणीची स्वतःची आणि दोन अ‍ॅपवरच्या, आणि परीक्षेच्या वर्षी आईने पैशाचा विषय काढावा का, हा प्रश्न माझ्या मनात होता. मी फोनवर न बोलता लातूरला जाऊन तिच्यासमोर ते पान ठेवले. तिनेच हिशेब केला की दोन मालिकांमधील प्रश्न बरेचसे सारखे आहेत आणि एकीत तिने शेवटची चाचणी दिवाळीपूर्वी सोडवली होती. आयआयटी कानपूरने चालवलेले साथी हे संकेतस्थळ नीटसाठी विनामूल्य आहे आणि एनसीईआरटीची पुस्तकेही मोफत उतरवून घेता येतात, हे तिला माझ्याआधी ठाऊक होते. “आई, जीवशास्त्राला एनसीईआरटीच लागतं, बाकीचं सगळे घेतात म्हणून घेतलं होतं,” असे ती म्हणाली. मी त्यावर काही बोलले नाही.

तिने एक अ‍ॅप ठेवले आणि एक सोडले. ठेवलेल्याचे नूतनीकरणही तिने त्याच बैठकीत बंद केले, कारण भरलेली मुदत संपेपर्यंत सेवा चालू राहते, हे आम्ही त्या अ‍ॅपच्या अटींत वाचून पाहिले होते. मोफत चाचणीकाळात मात्र काही ठिकाणी रद्द करताच सेवा थांबते, म्हणून तिथे शेवटच्या तारखेच्या एक दिवस आधीची आठवण फोनवर लावावी लागते. परीक्षा मे महिन्यात आहे. त्या मालिकेची मुदत मेअखेर संपेल, आणि तिने यूपीआयमधील ऑटोपेची यादी रिकामी झाल्याचा स्क्रीनशॉट घरच्या गटात टाकला आहे, ज्याखाली आबांनी हात जोडल्याचे चिन्ह पाठवले.